धोंड्यात मागून घेतलेली गाडी

साताऱ्यात आमच्या इमारतीखाली माझ्या वाट्याची पार्किंगची जागा पंधरा फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे. माझ्या सासऱ्यांची गाडी तेरा फूट तीन इंच लांब आणि पाच फूट रुंद. दोन्ही मापं मी स्वतः टेप लावून घेतलेली आहेत. गाडीचं माप तर सासरे असतानाच, एका दसऱ्याला गाडी पुसायच्या निमित्ताने घेतलं होतं. म्हणजे ती माझ्या जागेत बसली असती आणि दार उघडून नीट उतरताही आलं असतं. सध्या त्या जागेत माझी मोटरसायकल असते, आणि गाडी कऱ्हाडजवळच्या मलकापुरात माझ्या साडूच्या पोर्चमध्ये उभी आहे. त्याच्या पोर्चचं माप कोणी घेतलेलं नाही. तो एवढा मोठा आहे की घ्यायची वेळच येत नाही.

हा साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझ्याहून सात वर्षांनी लहान. मलकापुरात त्याचं पंप आणि पाइपांचं दुकान आहे. मी एका साखर कारखान्याच्या स्टोअरला आहे. एक बेअरिंग कमी भरलं तरी मला जेवण जात नाही. तो गिऱ्हाइकाला सांगतो, 'असतील की पाच-सहा, बघा मागं,' आणि मागे खरंच पाच-सहा असतात. त्याचं दुकान कसं चालतं हे मला कधी समजलेलं नाही, पण चालतं, आणि चांगलं चालतं.

सासरे डॉक्टर. घर सांगलीत विश्रामबागेत, दवाखाना मिरजेत. ते तरुण असताना मिरजेतला एक परदेशी डॉक्टर मायदेशी परत निघाला आणि जाताना त्याने आपली इटालियन गाडी त्यांना विकली. दोन दारं, पुढे दोन माणसं, मागे दोन पोरं कशीबशी बसतील एवढी फळी. कापडी छप्पर मागे दुमडलं की गाडी उघडी. रंग असा की दुधात निळ्या शाईचे चार थेंब पडावेत. इंजिन आपल्याकडे पूर्वी टॅक्सी म्हणून धावणाऱ्या गाड्यांच्या भावकीतलं, त्यामुळे इकडचे मिस्त्री तिला हात लावायला घाबरत नसत. आणि स्टिअरिंग डावीकडे.

डावीकडे स्टिअरिंग असलं की आपल्या रस्त्यावर काय होतं, ते चालवणाऱ्यालाच कळतं. पुढे ट्रक किंवा एसटी आली की तिच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. उजवीकडे बसलेल्या माणसाने मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं, 'चला' किंवा 'थांबा'. चालवणाऱ्याने त्याच्या शब्दावर गाडी बाहेर काढायची. सासऱ्यांच्या उमेदीच्या काळात उजवीकडे सासूबाई बसत. पुढे सासऱ्यांची नजर कमी झाली तेव्हा त्यांनी मला डावीकडे बसवलं आणि स्वतः उजवीकडे बसले. दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली की मी ती फाटकाबाहेर काढायचो. मिरज रस्त्याने थोडं जाऊन परत. नजर कमी झालेला माणूस मला 'चला, चला' म्हणायचा आणि मी जायचो. थोरला जावई म्हणून मला त्या घरात जे काही मिळालं, त्यातलं हे मला सगळ्यात मोठं वाटायचं. हे मी कोणाला बोललो नव्हतो.

सासरे गेले आणि गाडी बंद खोलीत गेली. कोणीच बाहेर काढली नाही. सांगलीला मोठा पूर आला तेव्हा पाणी आमच्या सासुरवाडीपर्यंत पोचलं नाही, पण मी फोन केला. आधी सासूबाईंची चौकशी केली, मग गाडीची. क्रम बरोबर होता, तरी बायको माझ्याकडे बघत राहिली.

आता धोंड्याचं सांगतो. अधिक महिना आला, म्हणजे साधारण पावणेतीन वर्षांनी, की सासूबाई दोन्ही जावयांना जेवायला बोलावतात. पुरण भरलेले धोंडे, तेहेतीस अनारसे, वर पेटवलेलं निरांजन, आणि जावयाला काहीतरी द्यायचं. जेवण होत आलं की सासूबाई विचारतात, 'जावईबापू, काय हवंय यंदा?' हा प्रश्न त्या खरा विचारतात की रीत म्हणून, ते मी कधी तपासलं नाही. आमच्या घरची शिकवण अशी की जावयाने सासरी तोंडाने मागू नये. मी म्हणायचो, 'काही नको, आई.' मग शर्टाचं कापड यायचं, एकदा चांदीची वाटी आली. सासरे गेल्यावरच्या पहिल्या धोंड्याला मी काही नको म्हणालो. करोनातल्या धोंड्याला कोणी कुठे जाऊ शकत नव्हतं, तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं. फोनवरही मी काही नको म्हणालो.

तिसऱ्या धोंड्याला आम्ही दोघे साडू पाटावर शेजारी बसलो होतो. बाहेर पाऊस होता. सासूबाईंनी आधी मला विचारलं, कारण मी थोरला. मी नेहमीचं उत्तर दिलं. मग त्यांनी त्याला विचारलं. त्याने तोंडातला धोंडा गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ती गाडी द्या की, आई. गंजून जाणार हितं."

सासूबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि किल्ली आणून त्यांनी त्याच्या अनारशांच्या ताटात ठेवली. या सगळ्याला माझा पापड संपायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

परतताना कासेगाव मागे पडलं. बायको म्हणाली, "तोंड उघडायचं होतं मग." मी म्हणालो, मला कुठे हवी होती. ती म्हणाली, "बरं. तुम्हाला थोरली मुलगी दिलीय, त्याला गाडी. वाटणी वाईट नाही." आणि हसली. मला हसू आलं नाही.

मला हेवा वाटला. बायको त्याला कुढणं म्हणते, पण ते बरोबर नाही. कुढायला माणसाला आपलं दुःख पुरतं. हेव्याला समोर वस्तू लागते. आणि ती वस्तू बघायला मी आपल्या पायाने जाऊ लागलो.

गाडी भरपावसात ताडपत्री बांधून मलकापूरला आणली गेली. साडूने घरीच काम काढायचं ठरवलं. गॅरेजला दिली तर कुठले भाग कुठे जातील सांगता येत नाही, हे त्याचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं याचाही राग आला. एक म्हातारा मिस्त्री त्याने गाठला, ज्याचं आयुष्य जुन्या टॅक्सींखाली गेलं होतं. मग साडूचा मला फोन आला, "दादा, रविवारी या. तुमच्याशिवाय मोजणार कोण?" मी एक रविवार सोडून जायला लागलो, मग दर रविवारी. साताऱ्याहून मोटरसायकलवर तासभर. बायकोने विचारलं, एवढा त्रास होतोय तर जाता कशाला? मी म्हणालो, तो काहीतरी मोडून ठेवेल.

गाडीची अवस्था वरून दिसत होती त्यापेक्षा आतून वाईट होती. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. ब्रेकची रबरं दगडासारखी. छपराच्या कापडात उंदरांनी दोन पिढ्या वाढवल्या होत्या. पुढच्या बॉनेटच्या कडेला मात्र एक वेगळाच गंज होता, एकाच जागी, तळहाताएवढा. मिस्त्रीला कळेना. मला लगेच कळला. दर दसऱ्याला तिथेच हळद-कुंकू, तिथेच नारळाचं पाणी, आणि झेंडूचा हार दिवाळीपर्यंत तिथेच ओला. बाकी गाडी कोरड्या खोलीत राहिली, आणि जिथे आम्ही हात जोडले तिथे ती कुजली. साडू म्हणाला, "म्हणजे देवाचं काम तुमी केलं, पत्रा मी बदलतोय."

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून तेल सोडून ठेवलं. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावायचा, पान्याला पाइप जोडायचा आणि बेताने जोर द्यायचा. साडूला बेत नव्हता. तो पाइपावर लोंबकळायला बघायचा. मी त्याला बाजूला करायचो. नट तुटला तर पुढचं सगळं अवघड. मिस्त्री बिडी ओढत म्हणाला, "एक सायेब मोजत्यात, दुसरं सायेब ठोकत्यात. मी काम कवा करू?"

तीन-चार रविवार काही झालं नाही. मग एकदा पान्याखाली काहीतरी सैल झाल्यासारखं मला मनगटात कळलं. आवाज आला नाही. मी पाना आणखी बोटभर ओढला, आणि इंजिन माझ्याबरोबर आलं. आत सगळं शाबूत होतं, आणि ते त्या क्षणी जगात मला एकट्याला माहीत होतं. मी काही बोलायच्या आत साडू ओरडला, त्याची बायको मोबाइल घेऊन धावत आली, फोटो निघाला. संध्याकाळी तो घरच्या ग्रुपवर आला. फोटोत साडू दोन्ही हात वर करून हसतोय. उजव्या कडेला कोपरापर्यंत एक हात दिसतो, पाना धरलेला. तो माझा. सांगलीपासून पुण्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांनी साडूला शाबासकी दिली. मीही अंगठा पाठवला.

रंगाचंही असंच. साडूला गाडी लालभडक हवी होती. इटालियन गाड्या लालच असतात म्हणे. मी नंबरप्लेट काढून तिच्यामागे उन्हाने न मारलेला मूळ रंग त्याला दाखवला आणि सांगितलं, हा सोडून दुसरा लावलास तर मी यायचा बंद होईन. त्याने बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघितलं. "बरं दादा, तुमचाच." त्या पट्ट्यावरून रंग जुळवून घेतला. गाडी रंगून आली तेव्हा शेजारपाजारचे बघायला जमले. एक जण म्हणाला, "रंग काय निवडलाय राव! सगळे लाल करत्यात. तुमची नजरच येगळी." साडू म्हणाला, "व्हय." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा, पण मी कार्ब्युरेटरमध्ये मान घातली. मला सांगायचं असतं तर मी सांगितलं असतं.

मात्र एक गोष्ट त्याची होती आणि ती मला जास्त लागली. स्टिअरिंगचं चाक पांढऱ्या, जुन्या हस्तिदंतासारख्या प्लॅस्टिकचं, आणि त्याला ठिकठिकाणी भेगा गेल्या होत्या. मी परदेशातून चाक मागवता येईल का याची चौकशी करत होतो. साडू एक दिवस ते चाक पिशवीत घालून मिरजेला गेला आणि तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एका कारागिरापुढे ठेवलं. तंबोऱ्यावर पांढरी नक्षी बसवतात त्याच पांढऱ्या मालाने त्या माणसाने भेगा भरल्या आणि घासून चाक गुळगुळीत केलं. हात फिरवला तर जोड सापडत नव्हता. सासरे चाळीस वर्षं मिरजेत त्या गल्लीवरून गेले. मी तिकडे कितीदा गेलो. मला ते सुचलं नाही. पाच-सहा म्हणणाऱ्या माणसाला सुचलं. त्या रविवारी मी जेवायला थांबलो नाही. घरी साताऱ्याला पाहुणे आहेत असं सांगितलं. नव्हते.

गाडीवर कापडी छप्पर चढायचं होतं तेव्हा सासूबाई आठ दिवस धाकट्या लेकीकडे राहायला आल्या. रविवारी मी पोचलो तर त्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसलेल्या आणि साडू दोघा पाहुण्यांना गाडी दाखवत होता. मीटरवरचा आकडा तो देवळातल्या पुजाऱ्यासारखा दाखवायचा. अठरा हजार चारशे किलोमीटर फक्त. साठ वर्षांची गाडी आणि एवढीच चाललेली, अशी देशात सापडायची नाही. डॉक्टरांनी जिवापाड जपली म्हणून, असं तो सांगत होता.

सासूबाई म्हणाल्या, "जपली कसली. माझ्याशिवाय ती निघायचीच नाही."

पाहुण्यांना कळलं नाही. त्यांनी सांगितलं की गावाबाहेर जायचं तर उजवीकडे बसून बघणारं कोणीतरी लागायचं, आणि डॉक्टरांचा दुसऱ्या कोणावर विश्वास नव्हता. घरात दोन मुली, सासू, दवाखान्याची माणसं जेवायला. त्यातून जेव्हा त्या मोकळ्या व्हायच्या तेव्हा गाडी निघायची. महाबळेश्वरला एकदा, कोल्हापूरला पुष्कळदा. "हे किलोमीटर गाडीचे नाहीत," त्या म्हणाल्या. "जेवढी मी रिकामी होते तेवढे आहेत."

पाहुणे हसले. साडूही हसला. मी हसलो नाही, कारण मी मनात हिशेब करत होतो. सासरे आजारी पडेपर्यंतचे अकरा दसरे, जाऊन-येऊन दर वेळी सात किलोमीटर. त्या अठरा हजार चारशेमध्ये माझे सत्त्याहत्तर होते. साडूचा एकही नव्हता. तेवढ्यावर माझा दिवस चांगला गेला.

गाडी रस्त्यावर आली ती तिसऱ्या वर्षी, उसाच्या दिवसांत. पहिल्या फेरीला उजवीकडे कोण बसणार हा प्रश्न होता. मेहुणी नाही म्हणाली. मिस्त्री म्हणाला, त्याचं काम गाडीखालचं, गाडीतलं नाही. म्हणून मी बसलो. साडू डावीकडे, पांढऱ्या चाकावर दोन्ही हात, छप्पर मागे दुमडलेलं. कऱ्हाडच्या बाहेर विट्याच्या रस्त्याला लागलो. इंजिन इतकं मऊ चालत होतं की कान देऊन ऐकावं लागत होतं. त्यातली प्रत्येक फट मी मापकाची पट्टी घालून बघितलेली होती, आणि ते त्याच्या पायाखाली चाललं होतं.

पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला. त्याच्यावर मोठ्याने गाणी लागली होती. साडू म्हणाला, "दादा, बघा."

मी मान बाहेर काढली. लांबून एक दुचाकी येत होती. "थांब," मी म्हणालो.

दुचाकी गेली. मग एक जीप दिसली. "थांब." जीप गेली. मग वळण होतं. वळणानंतर रस्ता बराचसा मोकळा होता, पण दोन ट्रॉल्या म्हणजे किती लांबी, आपला वेग किती, समोरच्याचा किती धरायचा, हे सगळं धरून मी म्हणालो, "थांब." उसाचं पाचट उडून आमच्या मांडीवर पडत होतं. असे आम्ही ट्रॅक्टरमागे एवढे गेलो की त्याची गाणी पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली. शेवटी ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला वळला.

साडू म्हणाला, "दादा, मघाशी रस्ता मोकळा हुता."

"तुला दिसत होता?"

"मला कुठनं दिसणार. पण मागची मोटरसायकल गेली की पुढं."

मी म्हणालो, मोटरसायकलची गोष्ट वेगळी. त्याने मान डोलवली. पुढचे दोन रविवार त्याचा फोन आला नाही. नंतर कळलं की त्याने एका मित्राला उजवीकडे बसवून थेट सांगली गाठली होती आणि सासूबाईंना फिरवून आणलं होतं. फोटो ग्रुपवर आले. सासूबाई उजवीकडे, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, हात पुढे करून रस्ता दाखवतायत. मी अंगठा पाठवला नाही.

उन्हाळ्यात पुन्हा धोंडा आला.

तेच घर, तेच पाट. सासूबाई आता वाकल्यात, वाढायचं काम लेकी करतात, पण निरांजन त्यांनी स्वतः पेटवलं. गाडी बाहेर फाटकात उभी होती, साडू तीच घेऊन आला होता. आम्ही मागच्या रविवारांबद्दल काही बोललो नव्हतो. जेवण झालं. सासूबाईंनी मला विचारलं, "जावईबापू, काय हवंय यंदा?"

साडू पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाला, "दादा काय सांगणार ते मी सांगू का, आई?"

बायका हसल्या. माझी बायकोही हसली. माझ्या ओठावर तेच उत्तर होतं, ते मी मोठ्या कष्टाने परत घेतलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "दोन धोंडे मी वाट बघितली. हे गेल्यावर पहिला, आणि तो फोनवरचा. म्हटलं, आता मागतील. तुम्ही गाडीला टेप लावला होता ते मला ठाऊक होतं." मग म्हणाल्या, "न मागणाऱ्याला कसं द्यायचं हो? नको असली तर अडचण होते."

साडूची मान खाली होती. माझ्या लक्षात आलं की हे त्यालाही नवीन होतं. आपण मागितली म्हणून मिळाली, एवढंच तो इतके दिवस धरून चालला होता. दुसऱ्यासाठी राखून ठेवलेली वस्तू आपल्या ताटात आली, हे त्याला आज कळत होतं. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

मी म्हणालो, "दुसरी किल्ली."

"कसली?" बायकोने विचारलं.

गाडीला दोन किल्ल्या होत्या. एक सासऱ्यांच्या खिशात असायची, दुसरी त्यांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत. साडूला मिळाली ती पहिली. दुसरी त्याने कधी मागितली नव्हती, कारण दोन असतील हे त्याने मोजलंच नव्हतं.

सासूबाईंनी बायकोला आत पाठवलं. डबी आली. किल्लीवर बारीक गंज होता. सासूबाईंनी ती पदराला पुसली आणि माझ्या ताटात अनारशांवर ठेवली.

साडू म्हणाला, "म्हणजे झालं काय, आई? गाडी माझी, किल्ली दादांची?"

"म्हणजे त्यांना न्यायची झाली तर तुमच्याकडे मागायला नको," सासूबाई म्हणाल्या. "मागायचं त्यांना जमत नाही."

साडूने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चांगलं ओळखतो. गेली तीन वर्षं दाढी करताना मी ते आरशात बघत होतो.

पुढच्या रविवारी मी मलकापूरला गेलो. फोन करून गेलो नाही, किल्ली खिशात घालून गेलो. साडू पोर्चमध्ये बनियनवर उभा होता. मी आलो, डावीकडचं दार उघडलं आणि आत बसलो. तो शर्ट घालून आला आणि उजवीकडे बसला. मी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात लागली नाही. मी चोक ओढला, आणि लागली.

तोच विट्याचा रस्ता. ऊस संपलेला, शेतं नांगरून पडलेली, दुपारची झळ. पुढे शेणखत भरलेली ट्रॉली आली. सासरे गेल्यापासून ते चाक माझ्या हातात पहिल्यांदाच आलं होतं, आणि भेगा भरलेल्या जागा हाताला कुठेच लागत नव्हत्या. मी म्हणालो, "बघ."

साडूने मान बाहेर काढली. बराच वेळ बघितलं.

"थांबा, दादा."

मी थांबलो. पुढे सरळ रस्ता होता, वळण नव्हतं, समोरून काही आल्याचा आवाज नव्हता. एक टेम्पो मागून येऊन आम्हाला आणि ट्रॉलीला, दोघांनाही मागे टाकून गेला. "बघ," मी परत म्हणालो.

"थांबा."

"काय येतंय समोरून?"

"येईल की."

छप्पर उघडं होतं. शेणखताचा भुगा वाऱ्याबरोबर आमच्या डोक्यावर, नव्या कापडावर, मूळच्या निळ्या रंगावर पडत होता. मी वीसच्या वेगाने त्या ट्रॉलीमागे गाडी चालवत राहिलो. त्याला नाही म्हणायचा मला हक्क नव्हता, कारण रस्ता त्याला दिसत होता आणि मला दिसत नव्हता. ट्रॉली एका बांधाला वळेपर्यंत त्याने मला पुढे जाऊ दिलं नाही.

रस्ता रिकामा झाला तसा तो सीटवर मागे टेकला आणि केसातला भुगा झटकत म्हणाला, "जावा आता. हितं काय कुणाला इचारायचं नाय."

मी गाडी पळवली. परत आलो तेव्हा मीटर वाचला. माझे सत्त्याहत्तर होते, त्यात बत्तीस मिळवले. साडूने नळी आणली, मी फडकं घेतलं, आणि दोघांनी मिळून शेणखत धुतलं. पुढच्या रविवारचं कोणी काही बोललं नाही. मी जाणार आहे हे त्याला माहीत आहे, आणि तो उजवीकडे बसणार आहे हे मला.

किल्ली आमच्या घरी दाराजवळच्या खुंटीला असते. खाली पार्किंगमध्ये मोटरसायकल मी भिंतीला अगदी चिकटवून लावतो. शेजारी म्हणतात, एवढी जागा आहे, मधे लावा की आरामात. मी त्यांना म्हणतो, राहू दे.